गावचे दप्तर आणि पदवीचा विद्यार्थी

१

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गाव. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी तेथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले, १ सप्टेंबरला तेथे पोलिसांचा लाठीमार झाला, आणि तोवर तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. ७ सप्टेंबर रोजी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील ज्या कुटुंबांच्या जुन्या नोंदी ‘कुणबी’ अशा आहेत त्यांना प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरवणे हे तिचे काम होते. त्यासाठी निजामकालीन महसुली व शैक्षणिक अभिलेख, करार, सनदा आदी कागद तपासायचे होते.

आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. या घटनेची दुसरी बाजू साहित्याच्या आणि इतिहासाच्या अध्यापकांनी विचारात घ्यावी अशी आहे. समितीचे काम सुरू झाले तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा आणि जुने उर्दू हस्ताक्षर लावू शकणाऱ्यांचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतील खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या, गावोगावची जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांची प्रवेश रजिस्टरे, दुय्यम निबंधकांकडील खरेदीखते, भूमी अभिलेख खात्यातील शेतवार पत्रके असे ढीग बाहेर निघाले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेल्या आकड्यानुसार समितीने तोपर्यंत सुमारे १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या होत्या आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी आढळल्या होत्या. शोधासाठी समितीला हैदराबादलाही जावे लागले.

ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे सारे घडत होते, त्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत दर वर्षी हजारो विद्यार्थी इतिहास आणि मराठी हे विषय घेऊन पदवीधर होतात. त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या पणजोबांच्या काळातील कागद वाचता येतो? मोडी आणि फसली सन यांच्याशी एकदाही गाठ न पडता मराठवाड्याच्या इतिहासाचा पदवीधर होता येते. ही विद्यार्थ्याची उणीव मानता येणार नाही. पदवीच्या वर्गाचा संशोधनाशी संबंध नाही, असे आपल्या उच्चशिक्षणाने फार पूर्वी ठरवून टाकले, त्याचा हा परिणाम आहे. तो निर्णय कसा झाला आणि पदवीच्या विद्यार्थ्याला आज संशोधनात शिरायचे तर कोणत्या वाटा आहेत, हे येथे पाहायचे आहे.

२

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे महाविद्यालयांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. त्याआधी, १८१० साली, बर्लिन येथे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या कल्पनेतून जे विद्यापीठ उभे राहिले, त्याच्या मुळाशी अध्यापन आणि संशोधन यांचे ऐक्य होते. विद्यार्थी आणि अध्यापक दोघेही ज्ञानाच्या शोधात एकत्र आहेत असे तेथे गृहीत धरले होते. ती कल्पना आपल्याकडे आली नाही. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यापीठांना स्वतःचे अध्यापन विभाग काढण्याची मुभा मिळाली, आणि तेव्हा संशोधन विद्यापीठात आले. पण ते पदव्युत्तर विभागांत आले. संलग्न महाविद्यालय आणि त्यातला पदवीचा विद्यार्थी परीक्षेच्या बाजूलाच राहिले.

म्हणूनच महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची मोठी कामे विद्यापीठाबाहेर झाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. त्यामागे गावोगावची पायपीट होती, विद्यापीठाचे पाठबळ नव्हते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, आणि राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ. कागद जमवायचा, नकलायचा, वाचायचा आणि छापायचा ही कारागिरी या संस्थांत जोपासली गेली. तेथे शिकायला पदव्युत्तर पदवी लागत नसे. बसायची तयारी आणि अक्षर लावण्याची चिकाटी लागे.

मराठवाड्याला हेही मिळाले नाही. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. उर्दूतून उच्चशिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. औरंगाबादेस त्याचे इंटरमीजिएट महाविद्यालय होते, आणि मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे हे शहर काही काळ उर्दू संशोधनाचे महत्त्वाचे केंद्र झाले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ पासून तेथून निघू लागले आणि दखनी भाषेतील जुन्या ग्रंथांचे संपादनही त्यांनी हाती घेतले. मात्र ज्या रयतेची भाषा मराठी होती तिच्या कागदांसाठी असे काही उभे राहिले नाही. मराठवाडा साहित्य परिषदेचे काम १९४३ पासून सुरू झाले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, पण हैदराबादच्या मध्यवर्ती दप्तरातले कागद पुष्कळसे हैदराबादलाच राहिले. समितीला २०२३ साली तेथे जावे लागले त्याचे कारण हे आहे.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव दिले गेले. या विद्यापीठात मोठे संशोधक झाले. महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक यू. म. पठाण आणि लोकसाहित्याचे अभ्यासक प्रभाकर मांडे यांनी येथील मराठी विभागात अध्यापन केले. विद्यापीठाने स्वतःचे इतिहास वस्तुसंग्रहालय उभारले. पण १८५७ चा साचा येथेही कायम राहिला. विभाग विद्यापीठाच्या आवारात, आणि अंबड, परतूर, गेवराई येथला बी. ए. चा विद्यार्थी प्रश्नपत्रिकेच्या पलीकडच्या टोकाला.

या साच्याला एक लक्षणीय अपवाद याच शहरात आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे काढलेले आणि पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय विद्यापीठाच्याही आधीचे. १९६० च्या दशकात म. ना. वानखडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक आणि त्यांच्याभोवतीचे विद्यार्थी यांच्या चर्चेतून नागसेनवनात जी वैचारिक घडामोड झाली, तिच्यातून १९६७ साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले; तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. मराठी समीक्षेला दलित साहित्याची परिभाषा देण्यात या नियतकालिकाचा वाटा किती मोठा होता हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. हा परिसर संशोधन केंद्राचा नव्हता, पदवी महाविद्यालयाचा होता. आपल्या स्वतःच्या जगण्यातला प्रश्न अभ्यासाचा प्रश्न होऊ शकतो हे तेथील तरुणांना कोणीतरी सांगितले, आणि लिहिलेले छापण्याची जागा दिली. नव्या ज्ञानाला पदवीची पातळी आड येत नाही, याचा इतका ठळक पुरावा मराठवाड्यात असताना तो आपण अभ्यासक्रमाच्या रचनेत कधी वापरला नाही.

३

स्थानिक विद्यार्थी संशोधनाबाहेर राहिला याची किंमत काय पडली, त्याची दोन उदाहरणे साहित्याच्याच क्षेत्रातील आहेत.

राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची जी प्रत छापली ती मराठीच्या भाषिक इतिहासात निर्णायक ठरली. तिची मूळ पोथी त्यांना बीडच्या पाटांगणात मिळाली होती. पुढच्या अभ्यासकांना ती पोथी पाहायला उपलब्ध राहिली नाही. त्यामुळे राजवाडे प्रतीतील रूपे किती जुनी, किती संपादकाच्या वाचनातली, हा वाद मुळाशी ताडून पाहता आला नाही. राजवाड्यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. मुद्दा असा की पोथी ज्या ठिकाणी होती तेथे तिची नक्कल करून ठेवणारा, निदान पानांची संख्या आणि लेखनिकाची पुष्पिका टिपून ठेवणारा कोणी अभ्यासक नव्हता. बाहेरून आलेल्या एकाच विद्वानाच्या हाती सारे राहिले, आणि त्याच्या हातून जे निसटले ते कायमचे निसटले.

दुसरे उदाहरण बोलींचे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने आणि मद्रास इलाखा या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. मराठीच्या बोलींची चर्चा पुढे कित्येक दशके ज्या ग्रंथाच्या आधारे झाली त्यात मराठवाड्याची बोली अशी जवळजवळ अनुपस्थित राहिली. अलीकडे गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड निघाला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. त्यामुळे चित्र सुधारले आहे. तरीही गावागणिक तपशील गोळा करायचा तर तेथे राहणारा माणूसच हवा.

स्थानिक माणूस असला की काय होते याचेही उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. हे काम दोन अभ्यासकांच्या बळावर होणे शक्य नव्हते. गावांत काम करणारे कार्यकर्ते आणि स्वतः गाणाऱ्या बाया त्यात सहभागी होत्या. त्यांच्यापैकी बहुतेकींकडे कोणतीही पदवी नव्हती. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी; गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी जमवल्या, आणि आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने आहे. सातवाहनकालीन तगर नगराचा अभ्यास करणाऱ्याला त्या संग्रहाकडे जावेच लागते.

४

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनात घ्यावे हा विचार आता जगात नवा राहिलेला नाही. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी त्यासाठी स्वतंत्र योजना सुरू केली. तिचे सूत्र साधे होते: विद्यार्थ्याने चालू असलेल्या खऱ्या कामात अध्यापकाचा कनिष्ठ सहकारी व्हायचे, आणि त्याबद्दल त्याला श्रेयांक तरी मिळावा किंवा मोबदला तरी. हे सूत्र पुढे अनेक विद्यापीठांनी उचलले.

आपल्याकडेही औपचारिक वाटा निघाल्या आहेत. महाराष्ट्रात २००६ साली तत्कालीन राज्यपाल व कुलपती एस. एम. कृष्णा यांच्या पुढाकाराने ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सुरू झाली. तिच्यात मानव्यविद्या, भाषा व ललित कला असा स्वतंत्र गट आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची पातळीही वेगळी धरलेली आहे; म्हणजे बी. ए. च्या मुलीला पीएच. डी. करणाऱ्याशी स्पर्धा करावी लागत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देशातील विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीची जी नवी चौकट जाहीर केली, तिच्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. राज्याच्या नव्या श्रेयांक रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे उपक्रम यांनाही जागा आहे.

या वाटांची अडचण अशी की त्या कागदावरून चालायला फार सोप्या आहेत. फील्ड प्रोजेक्ट म्हणजे वीस पाने टंकून, सर्पिल बांधणी करून, विभागप्रमुखांची सही घेऊन जमा करण्याची वस्तू, असा समज एकदा रूढ झाला की संशोधन हा आणखी एक पेपर होतो. विषय ‘महाराष्ट्रातील संत साहित्य : एक अभ्यास’ असा असतो, आणि मजकूर तीन ग्रंथांतून उतरवलेला. दुसरीकडे चौथ्या वर्षाच्या संशोधनाची पात्रता गुणांवर ठरते, तर मोडीचे पान लावण्याची चिकाटी गुणपत्रिकेत दिसत नाही. योजना आहे, श्रेयांकही आहेत, पण विद्यार्थ्यापुढे खरा कागद नाही, आणि त्याने केलेल्या कामाची पुढे कोणाला गरजही नाही. मॅकव्हिकर यांच्या सूत्रातला ‘चालू असलेल्या खऱ्या कामात’ हा भाग आपण वगळला आहे.

५

मग खरे काम कोठे आहे? अंतरवाली सराटीसारख्या गावातून बसने तालुक्याच्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवला, तर त्याच्या आवाक्यात किमान तीन कामे आहेत, आणि तिन्ही विद्यापीठीय संशोधनाला उपयोगी पडणारी आहेत.

पहिले काम लिपीचे. मोडी ही काही गूढ विद्या नाही. शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळायचा नाही, नेहमीच्या शब्दांचे संक्षेप करायचे, अशी तिची रीत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेते. अक्षरओळख पंधरवड्यात होते; ओघवते वाचन यायला मात्र दोनतीनशे पाने डोळ्यांखालून जावी लागतात. पदवीची तीन वर्षे त्याला पुरेशी आहेत. उर्दू माध्यमातून आलेले विद्यार्थी जालना, अंबड, छत्रपती संभाजीनगर येथे कमी नाहीत. राज्यकारभाराची भाषा १८८० च्या दशकात फारसीवरून उर्दूवर आली आणि गावचा कुलकर्णी मात्र मोडीतच लिहीत राहिला. तेव्हा एकाच गावाच्या महसुलाची एक बाजू उर्दूत आणि दुसरी मोडीत असू शकते. मराठीचा आणि उर्दूचा असे दोन विद्यार्थी एका मेजावर बसवले तर जे काम होईल ते एकट्या प्राध्यापकाच्याने होणार नाही.

लिपीबरोबर कालगणना येते. निजाम राज्याच्या अखेरच्या दशकांतील कागदांवर फसली सन आणि आजूर, दय, बहमन, फरवर्दी असे महिने असतात. वर्ष ऑक्टोबरात बदलते. म्हणून आजूर १३४३ चा कागद इसवी सन १९३३ चा, तर त्याच फसली वर्षातील फरवर्दीचा कागद १९३४ चा. हे न कळणारा माणूस वारसाच्या नोंदीत सहज एक वर्षाची चूक करील. कोठला कागद कोठे शोधायचा हेही शिकावे लागते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होते, परतूर परभणीत. ज्याला आपल्या तालुक्याचा प्रशासकीय इतिहास ठाऊक नाही त्याला आपल्या तालुक्याचे दप्तर सापडणार नाही.

दुसरे काम नोंदवहीचे. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचे प्रवेश रजिस्टर घ्यावे. नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थान, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, एवढेच रकाने. पण पन्नास वर्षांचे एक रजिस्टर नीट उतरवले की गावात मुलींची पहिली नावे कधी आली, कोणत्या वस्तीतली मुले कितव्या इयत्तेपर्यंत टिकली, दुष्काळाच्या वर्षी, समजा १९७२-७३ मध्ये, किती मुलांनी शाळा सोडली, याची उत्तरे हाती येतात. यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, आणि लोकांची नावे व जाती प्रसिद्ध न करता केवळ संख्या मांडाव्यात. हयात माणसांच्या नोंदींबाबत हा नियम काटेकोर पाळला पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे गावोगाव होतच असतात. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेतील एक शिबीर श्रमदानाबरोबर दप्तराची यादी करण्यासाठी वापरले, तर सात दिवसांत एका गावाची कागदपत्रांची सूची तयार होईल. विद्यापीठाच्या विभागात अशा शंभर गावांच्या सूची असत्या, तर २०२३ साली शोध कोठून सुरू करावा हे निदान मराठवाड्यापुरते तरी ठाऊक असते.

तिसरे काम कानाचे, आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्याचे खास. मराठवाड्यात ‘मी करायलो’, ‘तो जायलाय’ असे म्हणतात. विदर्भाच्या बाजूला ‘मी करून राहिलो’ ऐकू येते. जालना जिल्ह्याची सीमा बुलढाण्याला लागून आहे. या दोन रूपांची हद्द नेमकी कोणत्या गावांतून जाते, एकाच घरात आजी एक आणि नात दुसरे रूप वापरते का, सासरी आलेली सून किती दिवसांत बदलते, हा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला झेपणारा आणि भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकालाही उत्तर हवे असलेला प्रश्न आहे. त्याला लागते काय? दहा गावांतील नातेवाईक, एक मोबाइल, बोलणाऱ्याची संमती, आणि ऐकले तसेच लिहिण्याची शिस्त. ‘शुद्ध’ करून लिहिण्याची सवय आपणच वर्गात लावलेली असते. ती येथे मोडावी लागते. ओव्या, उखाणे, बैलपोळ्याच्या झडत्या यांनाही हेच लागू आहे. कोणी म्हटले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, कोणत्या कामाच्या वेळी, हे टिपले नाही तर ओवी सुंदर असली तरी संशोधनाच्या उपयोगाची राहत नाही.

ही कामे केलेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या विभागाकडे जाण्याची रीतही साधी आहे. ‘मला संशोधन करायचे आहे’ असे म्हणत रिकाम्या हाताने गेल्यास फार तर सदिच्छा मिळतात. दहा पानांचे लिप्यंतर किंवा चाळीस वाक्यांची नोंद घेऊन गेले आणि ‘या तीन जागा मला लागत नाहीत’ असे म्हटले, तर प्राध्यापकाला पुस्तक खाली ठेवावे लागते. न लागलेल्या जागांतूनच पुढचा प्रश्न निघतो. तोच ‘आविष्कार’ स्पर्धेत मांडावा, तोच चौथ्या वर्षी वाढवावा. कमवा व शिका योजनेतील विद्यार्थ्याला ग्रंथालयात किंवा विभागात काम मिळत असेल तर त्याला पोथ्यांच्या सूचीवर, जुन्या नियतकालिकांच्या लेखसूचीवर बसवता येईल. मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांची विषयवार सूची करणे हे काम एका विद्यार्थ्याच्या एका वर्षाचे आहे, आणि तिचा उपयोग पुढे अनेकांना होईल.

अध्यापकांकडून त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. विद्यार्थ्याने लावलेले वाचन आपल्या निबंधात वापरले तर तेथे त्याचे नाव द्यावे. ऋणनिर्देशातील ‘माझ्या विद्यार्थ्यांनी’ एवढ्याने भागवू नये. आणि जमवलेले काम विभागात क्रमांक लावून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पहिल्या पानापासून सुरुवात न करता पुढल्या गावापासून करील.

६

शेवटी एक सावधगिरी. तिच्यासाठी पुन्हा अंतरवालीच्या प्रश्नाकडे यावे लागते. जुन्या नोंदींवर आज प्रमाणपत्र अवलंबून आहे. प्रमाणपत्रावर प्रवेश, नोकरी, निवडणुकीतली जागा. ज्याला ते हवे आहे आणि ज्याला आपला वाटा कमी होईल अशी भीती आहे, असे दोघेही त्याच कागदाकडे पाहत आहेत. जातीच्या रकान्यात पूर्ण शब्द नसून नुसते ‘कु’ असे आद्याक्षर असेल, तर ते कुणबी, कुंभार की आणखी काही, हे त्याच हस्ताक्षरातील आधीच्या आणि नंतरच्या नोंदी पाहून ठरवावे लागते. आणि तरीही ठरत नसेल तर ‘संदिग्ध’ असे लिहावे लागते. हे लिहिणारा विद्यार्थी मराठा असेल, माळी असेल, धनगर असेल, वंजारी असेल. आपल्या घरच्यांना आवडणार नाही असे वाचन पदरात आले तरी तेच लिहायचे, हा धडा पुस्तकातून शिकवता येत नाही. तो प्रत्यक्ष पानावर, दोन वेगवेगळ्या समाजांतील विद्यार्थ्यांनी एकमेकांचे वाचन तपासतानाच शिकला जातो. पाठचिकित्सेचा तास यापेक्षा वेगळे काही सांगत नाही; एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हापासून ही जबाबदारी मराठीला परिचित आहे.

पुराव्याच्या जातीही ओळखाव्या लागतात. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन निर्णय काढला आणि ‘गॅझेट’ हा शब्द चहाच्या टपरीवर गेला. गॅझेटियरमध्ये एखाद्या जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक होते याचे एकूण आकडे असतात. एखाद्या माणसाचे नाव नसते. खासरा पत्रकात किंवा शाळेच्या रजिस्टरात नाव असते, पण ते एका गावापुरते, एका लेखनिकाच्या समजुतीनुसार. पहिल्यातून समाजाविषयी विधान करता येते, दुसऱ्यातून व्यक्तीविषयी. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे तर मधली पायरी दाखवावी लागते. हा फरक गावातल्या पारावर नेमकेपणाने सांगू शकणारा एक पदवीचा विद्यार्थी गावात असणे, ही विद्यापीठाची त्या गावाला केलेली मोठी मदत ठरेल.

निजामकालीन कागद आता स्कॅन होत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण स्कॅन केलेले पानही कोणाला तरी वाचावे लागते. येत्या जूनमध्ये महाविद्यालये उघडतील तेव्हा प्रथम वर्षाच्या मराठीच्या आणि इतिहासाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट सांगता येईल: दिवाळीच्या सुटीत घरी जाल तेव्हा घरातला किंवा शाळेतला १९५० पूर्वीचा एक कागद शोधा, मूळ कागद जागेवरून न हलवता त्याचे छायाचित्र घ्या, तो कोणाकडे आहे ते लिहा, आणि वाचता आला नाही तरी घेऊन या. वाचायचे कसे ते दुसऱ्या सत्रात पाहू.